घंटा वाजवायला माणूस लागतो

'घंटा!' हा आमच्या पिढीचा आवडता उद्गार आहे. 'पगारवाढ मिळाली का?' 'घंटा!' 'गावाकडे पाऊस झाला का?' 'घंटा!' म्हणजे काहीही नाही, शून्य, नुसती बोंब. शिवारभर ऐकू जाणाऱ्या एका खणखणीत वस्तूचं नाव आम्ही 'काहीच नाही' या अर्थाने वापरतो, यावर भाषेचे रखवालदार हळहळत असतील. मी हळहळत नाही. मला ही भाषा फार नेमकी वाटते. कारण गेल्या काही वर्षांत आम्ही आमच्या देवळातल्या घंटेचं खरोखरच तेवढंच करून ठेवलं आहे. घंटा आहे, तिचा आवाजही आहे, पण वाजवणारं कुणी नाही.

मी बोलतोय ते आरतीच्या मशीनबद्दल. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात मारुतीच्या, महादेवाच्या किंवा विठ्ठलाच्या देवळात जा, सभामंडपाच्या एखाद्या कोपऱ्यात ते दिसण्याची शक्यता बरीच आहे. लोखंडी चौकट, तिच्यात बसवलेला छोटा नगारा, वर दोन-तीन घंटा, बाजूला झांजांची जोडी आणि खाली मोटर. भिंतीवर बटण. चौकटीवर ऑइलपेंटने देणगीदाराचं नाव, नावापुढे हुद्दा आणि खाली कुणाच्या तरी स्मरणार्थ. बटण दाबलं की मोटरचा पट्टा एक दांडा फिरवतो. दांड्यावर खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी आली की टिपरू उचललं जातं, खुंटी सरली की ते नगाऱ्यावर आपटतं. घंटांचं आणि झांजांचंही तसंच. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा एक न संपणारा लूप आहे आणि तो थांबवण्याची एकमेव अट म्हणजे भिंतीवरचं बटण.

या यंत्रात वाईट असं काही नाही. ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त होतं. माझं भांडण त्याच्या बनावटीशी नाही. त्याला जे काम दिलं आहे, त्याच्याशी आहे.

सॉफ्टवेअर इंजिनिअरने यंत्राविरुद्ध लिहावं, यावर आमच्या गावातले मित्र हसतात. हसणं रास्त आहे. माझं पोटच ऑटोमेशनवर चालतं. चार माणसं जे काम चार दिवस करत होती ते चार मिनिटांत व्हावं, म्हणून मी कोड लिहितो आणि त्याची मला लाज वाटत नाही. गावात विहिरीवर मोटर बसली तेव्हा मोटेचे बैल सुटले, पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे हात पहाटेच्या जात्यातून सुटले. मोटेची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून शहरात बसून गळे काढणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुमच्या घरात जातं आहे का? पीठ हवं होतं, दळणं नको होतं. पाणी हवं होतं, मोट नको होती. जिथे माणसाला कामातून निघणारी वस्तू हवी असते आणि काम नको असतं, तिथे यंत्र यावं आणि लवकर यावं.

पण आरतीच्या घंटेतून निघणारी वस्तू कोणती? आवाज? देवाला आवाज कमी पडत होता म्हणून आपण घंटा बडवत होतो का? आरतीत वाजवणं हेच काम आहे आणि वाजवणं हेच त्याचं फळ आहे. उद्या कुणी 'तुमच्या वतीने जेवणारं यंत्र' विकायला आणलं तर आपण त्याला वेड्यात काढू. 'तुमच्या वतीने घंटा वाजवणारं यंत्र' मात्र आपण वर्गणी काढून घेतलं, नारळ फोडून बसवलं आणि त्याला विकास म्हटलं.

आमच्या गावच्या देवळात नगारा वाजवणारे एक म्हातारे गुरव आहेत. त्यांचा नगारा ज्यांनी ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे की आरतीला एक चढ असतो. पहिलं कडवं संथ, लोक अजून चपला काढून आत येत असतात. मग आवाज जुळतात, टाळ्यांना पकड येते, शेवटच्या आरतीला लय दुप्पट होते आणि पोरं घंटेला लोंबकळतात. हा चढ नगारा वाजवणारा एकटा ठरवत नाही. तो गाणाऱ्यांचं ऐकतो, गाणारे त्याचं ऐकतात. यंत्र कुणाचं ऐकत नाही. त्याला पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं सारखंच. शिवाय त्याचा दणका एवढा की गाणाऱ्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. परिणाम ठरलेला होता. आधी पोरं गायची थांबली, मग बायका नुसते ओठ हलवू लागल्या, मग पुरुष हात जोडून उभे राहू लागले आणि आता एका हातात मोबाइल असतो. एकदा ऐन आरतीत लाइट गेली. बीड जिल्ह्यात यात नवल काही नाही. पण त्या दिवशी दोन कडवी कुणालाच ठेका धरता आला नाही. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, जणू आरतीच बंद पडली. गुरवबाबा तिथेच बसले होते. आता त्यांचं काम बटण दाबणं आहे.

घंटा म्हणजे मुळात काय हे आपण विसरलो आहोत, म्हणून थोडं मागे जाऊ. मोठ्या घंटेचा धातू म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्याकडे यालाच जवळपास कासं म्हणतात. हा धातू ठिसूळ असतो, पण तो ठिसूळपणाच त्याला आवाज देतो. टोला दिला की घंटेची कड आत-बाहेर थरथरते आणि एकाच टोल्यातून अनेक सूर निघतात. काही लगेच विरतात आणि सगळ्यात खालचा सूर बराच वेळ घुमत राहतो. टोला किती जोराचा, किती वेळाने, आधीचा घुमार संपल्यावर की संपायच्या आत, यावर घंटा काय बोलते ते ठरतं. तेवढं सगळं वाजवणाऱ्याच्या मनगटात असतं.

महाराष्ट्राला मोठ्या घंटांचा एक विलक्षण इतिहास आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा उतरवून मराठ्यांनी आपल्या मुलखात आणल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकर राजेबहादूरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या प्रवेशद्वारावर जी प्रचंड घंटा टांगली आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे. लोक देवळाला विसरून 'नारोशंकराची घंटा' एवढंच म्हणतात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर दुसरी आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशी एक आहे.

या घंटांविषयी आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते, ती विजयाची. सांगावी, त्यात खोटं काही नाही. पण मला दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वितळवल्या असत्या तर या घंटांच्या तोफा झाल्या असत्या, त्या काळात तोफांची गरजही होती. तरीही त्या अख्ख्या ठेवल्या, बैलांच्या आणि माणसांच्या बळावर घाट चढवून आणल्या आणि महादेवापुढे टांगल्या. मेरीची आकृती कुणी घासून काढली नाही. ज्यांनी हे केलं त्यांना एवढं नक्की कळत होतं की घंटा ही वाजवायची वस्तू आहे आणि ती वाजत राहिली तरच तिला आणण्याला अर्थ आहे. आज आपण या घंटांचं काय करतो? तिच्याखाली फोटो काढतो आणि तिच्याकडे बोट दाखवून इतिहासाचा अभिमान मिरवतो. अभिमान फुकट असतो. लोलकाला हात घालायला मात्र जोर लागतो.

बीडमध्ये असा घंटांचा मनोरा नाही. आमच्याकडे मनोरे आहेत ते दिव्यांचे. शहराच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाच्या देवळापुढे दोन उंच अष्टकोनी दीपमाळा आहेत. दीपमाळ बांधणाऱ्याला नुसता उजेड हवा असता तर त्याने वर एक मोठी मशाल लावली असती. त्याने दिवे ठेवायला एकेक जागा केली, म्हणजे प्रत्येक दिव्यामागे एक चढणारा माणूस, एक वात, एक तेलाची धार. आता ठिकठिकाणी दीपमाळांवर एलईडीच्या माळा सोडतात. त्यात उजेड जास्त आणि खर्च कमी, आणि चढणारं कुणी नाही. आरतीचं मशीन आणि एलईडीची माळ ही सख्खी भावंडं आहेत.

यंत्राने वाजणारी प्रत्येक घंटा मला खुपते असं नाही, हेही सांगायला हवं. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. त्याच्या घंटा यंत्रावर चालत आणि पूर्वी सोळा वेगवेगळ्या धून वाजवत. त्याबद्दल अशी आख्यायिका आहे की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता. टोल ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळे. आख्यायिका खरी असो-नसो, तिच्यातला विचार पक्का आहे. घड्याळाच्या टोल्यात हवी असते ती वेळ, वाजवणारा नव्हे. मध्यरात्री कुणाला जागं ठेवून बारा टोले द्यायला लावणं हा जुलूम आहे. तिथे यंत्रच हवं. आरती मात्र वेळ सांगण्यासाठी नसते.

या सगळ्याचा मला खरा उलगडा झाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. कामासाठी काही महिने इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या बाजूला होतो. तिथल्या एका छोट्या गावात आठवड्यातल्या एका संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवण्याचा सराव चालतो आणि नवख्यालाही वर येऊ देतात, असं कळलं. अरुंद, गोल फिरणाऱ्या दगडी पायऱ्या चढून गेलो. वर एक खोली. छतातल्या भोकांतून सहा दोर खाली आलेले, गोलात. प्रत्येक दोरावर लोकरीची जाड, पट्ट्यापट्ट्यांची मूठ विणलेली. घंटा दिसतच नाहीत, त्या वरच्या मजल्यावर. दोराभोवती उभे होते एक निवृत्त मास्तर, एक प्लंबर, दोन आज्या, एक नर्स आणि तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी.

आपल्याकडे घंटा स्थिर असते आणि लोलक हलतो. तिथे घंटाच फिरते. ती एका मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि वाजवण्याआधी तिला तोंड वर करून, उलटी उभी करून ठेवतात. दोर हलकेच ओढला की कित्येक क्विंटलचा तो धातू तोल सोडतो, खाली येतो, पूर्ण फेरी मारतो, वाटेत एकदाच वाजतो आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबतो. मग उलट्या दिशेने तसंच. मला वाटलं होतं, ताकद लागेल. ताकद जवळजवळ लागतच नाही. लागतं ते सोडणं. दोर वर जाताना वेळेवर मूठ सोडली नाही तर घंटा माणसालाच जमिनीवरून उचलते. शिकवणाऱ्या आजींनी पहिली अर्धी संध्याकाळ मला फक्त अर्धा झोका दिला, उरलेला अर्धा त्यांच्या हातात. झोपाळा अगदी वर जाऊन परत फिरायच्या आधी पोटात जे होतं, तसं ते घंटेचं थांबणं तळहातात कळतं. ते कळायला लागलं की घंटा आपली होते.

पण खरी गंमत पुढे आहे. एवढ्या जड घंटेला धून वाजवता येत नाही, तिचा वेग फार कमी-जास्त करता येत नाही. फार तर एक टोला आधी किंवा एक टोला नंतर. त्यामुळे इंग्रजांनी सतराव्या शतकात एक वेगळाच खेळ काढला. घंटांचा क्रम बदलत न्यायचा, पण प्रत्येक वेळी कुठल्याही घंटेने फक्त शेजारणीशी जागा बदलायची आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही. तीन घंटा घ्या. १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२ आणि परत १२३. सहाच्या सहा क्रम झाले, प्रत्येक वेळी फक्त दोन शेजारणींची अदलाबदल करून. संगणकशास्त्र शिकलेल्यांनी हे ओळखलं असेल. क्रमपर्याय काढण्याची हीच रीत आमच्या पुस्तकांत १९६२-६३ मध्ये मांडणाऱ्या गणितज्ञांच्या नावाने शिकवली जाते. घंटा वाजवणारे ती तीनशे वर्षं आधीपासून दोरांवर करत होते. फाबियन स्टेडमन नावाच्या मुद्रकाचं या विषयावरचं पुस्तक १६७७ सालचं आहे.

हे कळल्यावर मला आठवली ती 'लीलावती'. भास्कराचार्यांचं विज्जडविड म्हणजे आमचं बीड, असं बीडमध्ये अभिमानाने सांगितलं जातं. पुष्कळ अभ्यासकांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणकडे आहे, तो वाद इथे नको. पण ११५० च्या या ग्रंथात अंकपाश नावाचं प्रकरण आहे आणि त्यात विचारलं आहे की विष्णूच्या चार हातांतल्या चार वस्तूंची अदलाबदल करून किती रूपं होतील? आणि शंभूच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंची? उत्तरं २४ आणि ३६,२८,८००. म्हणजे हे गणित आपल्याकडे इंग्रजी मनोऱ्यांच्या पाचशे वर्षं आधी होतं, आणि थेट देवाच्या हातात होतं. फरक एवढाच की तिथल्या प्लंबरने आणि मास्तराने ते स्वतःच्या हातात घेतलं.

आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. लफबरोच्या टेलर या घंटांच्या कारखान्याच्या मनोऱ्यात १९६३ च्या जुलैमध्ये आठ माणसांनी ते सगळे एका बैठकीत वाजवले. जवळजवळ अठरा तास लागले, कुणीही बदली घेतली नाही. याच टेलर कारखान्यातून १९०४ साली मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चसाठी आठ घंटा आल्या होत्या. आता विचार करा. ४०,३२० क्रम वाजवणारं यंत्र बनवणं हे माझ्यासारख्याला एका दुपारचं काम आहे. इंग्लंड हा यंत्रांचा देश. खुंट्यांच्या पिंपावर घंटा वाजवणारी यंत्रं तर तिथे वाफेच्या इंजिनाआधीपासून होती. तिथल्या कित्येक चर्चमध्ये आज विजेचे हातोडेही आहेत. तरीही त्या खोलीतली सहा माणसं दर आठवड्याला पायऱ्या चढून येतात, कारण त्यांना घंटा वाजायला नको आहे, त्यांना ती वाजवायची आहे. दोर ओढल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो, म्हणून प्रत्येकाला उरलेल्या पाचांच्या हातांकडे बघत वाजवावं लागतं. तासभर सहा माणसं एकमेकांकडे बघत होती. आमच्या आरतीत हे शेवटचं कधी घडलं होतं?

इथे गावाकडचा माणूस मला अडवतो, आणि त्याचे तीन मुद्दे आहेत. तिन्ही दमदार आहेत.

पहिला मुद्दा: 'माणसंच नाहीत.' हा बीडचा मुद्दा आहे आणि तो बीडच्या बाहेरच्याने झटकू नये. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने अर्धं गाव पाचटात राहतं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि पोरं, त्यातली काही हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर. उरलेले तरुण माझ्यासारखे पुण्यात. मग आरतीला नगारा कोण वाजवणार? म्हणून मशीन.

पण हाच मुद्दा जरा नीट बघा. मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे नेमकी तीच दोन माणसं, जी घंटेपाशी पूर्वीपासून उभी होती. नगारा म्हाताऱ्याचा, घंटा पोरांची. ज्या पोराचे आई-बाप दोनशे कोस लांब आहेत त्याला गावात आपली म्हणावी अशी एक जागा, एक काम, एक मान होता. संध्याकाळी घंटा वाजवायची. तेच आपण काढून मोटरला दिलं आणि वर म्हणतो, पोरं देवळात येत नाहीत. इंग्लंडमध्येही माणसं कमी पडतात. पहिल्या महायुद्धात तिथले सुमारे १,४०० घंटावादक मारले गेले होते. २०१८ मध्ये युद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा त्यांनी मोहीम काढली की तितकेच, १,४०० नवे लोक दोर धरायला शिकवू. गेलेल्या माणसाच्या जागी माणूस, असा साधा हिशोब. आम्ही कोयत्यावर गेलेल्या माणसांच्या जागी मोटर बसवली आणि त्यावर पाटी लावली.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे आणि तो मला दलित वस्तीतल्या एका वर्गमित्राने ऐकवला. तो म्हणाला, 'मशीनला जात नसते. तुमच्या घंटेला होती.' याला चटकन उत्तर देणारा माणूस खोटारडा समजावा. नारोशंकराच्या घंटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, तो आत जाता यावं एवढ्यासाठी, आणि तो वर्षानुवर्षं चालवावा लागला. त्या सगळ्या काळात ती घंटा पंचवटीत सगळ्यांना ऐकू येत होती. ऐकायला कुणाला मनाई नव्हती, हात लावायला होती. उलट बाजूला वाजवण्याची सक्तीही होती. गावकीत हलगी कुणी वाजवायची हे जन्मानेच ठरलेलं, नको म्हणायची सोय नाही. ज्यांच्यावर ही सक्ती होती त्यांना 'वाजवण्यातला आनंद' ऐकवण्याचा मला अधिकार नाही.

पण म्हणून यंत्र हे उत्तर आहे का? यंत्राने जात संपली नाही, फक्त तिची परीक्षा टळली. लोलकाला कुणी हात लावायचा हा प्रश्न गावासमोर होता. तो सोडवायचा तर एक दिवस सगळ्यांदेखत कुणाला तरी दोरी द्यावी लागली असती, कुणी तरी कुरकुरलं असतं, भांडण झालं असतं आणि त्यातून काहीतरी ठरलं असतं. मोटर आणून आपण ठरवलं की आता कुणीच वाजवायचं नाही. समतेची ही फार सोयीची तऱ्हा आहे. सार्वजनिक विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू द्यायचं नाही म्हणून विहीरच बुजवावी, अशातली. माझ्या मित्राला मी एवढंच म्हणालो की घंटेला जात होती हे खरं, म्हणून तर ती बंद न करता तुझ्या हातात यायला हवी होती. तो म्हणाला, 'मग आणून दाखव.' हे बोलणं मला मान्य आहे. या लेखातलं सगळ्यात मोठं देणं तेच आहे.

तिसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मशीन विकलं जातं ते त्यावरच. 'यंत्र चुकत नाही, दमत नाही, वेळेवर असतं.' अगदी खरं. पण आरतीत न चुकणं कुणी मागितलं होतं? लहान पोरगं घंटा वाजवताना ठेका चुकतं, म्हातारं माणूस हसतं, हातावर हात ठेवून दाखवतं आणि पुढच्या वर्षी पोरगं चुकत नाही. गावात शिकवणं असंच होतं. न चुकणाऱ्या यंत्राकडून कुणी काही शिकत नाही आणि त्याला कुणी काही शिकवू शकत नाही. पुढच्या पिढीला ठेका कोण देणार? शाळेतही हेच झालं. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो वाजवायचा मान आठवड्याच्या मॉनिटरचा. सुट्टीची घंटा आपल्या हाताने दिली की अख्खी शाळा आपल्यामुळे सुटली असं वाटायचं. आता विजेची बेल वाजते आणि ती आपोआप वाजते. वेळ तीच, सुट्टी तीच. कुणाही पोरामुळे सुटत मात्र नाही.

मग करायचं काय? मोर्चा नको, ठराव नको. देणगीदाराचा अपमानही नको. त्याच्या आई-वडिलांची पाटी भिंतीवर राहू द्या. फक्त प्लग काढा. चौकट भंगारात देऊ नका, नगारा आणि घंटा त्यातून सोडवून घ्या, त्या चांगल्या असतात. नगारा गुरवबाबांपुढे ठेवा, आणि त्यांच्याशेजारी शिकायला कुणालाही बसू द्या, आडनाव न विचारता. देवळाच्या दारावर खडूने पाळी लिहा, सोमवार अमक्याचा, मंगळवार तमकीचा. तमकीचा हे मुद्दाम लिहिलं आहे. पाळीत गावातली सगळी आळी, सगळ्या वस्त्या आल्या पाहिजेत. ज्या दिवशी त्या यादीवरून कुरकुर सुरू होईल, त्या दिवशी समजा की घंटा खऱ्या अर्थाने वाजू लागली. हंगामी वसतिगृहातल्या पोरांना यादीत सगळ्यात वर घ्या. ज्यांचे आई-बाप उसाच्या फडात आहेत त्यांच्या वाट्याला गावातली निदान एक गोष्ट तरी यावी.

आणि ज्यांच्या ताब्यात नाशिकची, मेणवलीची किंवा आणखी कुठली जुनी घंटा आहे त्यांनी वर्षातला निदान एक दिवस ठरवावा, त्या दिवशी रांगेत येईल त्या प्रत्येकाने एक टोला द्यायचा. धातू तपासून घ्या, कडी-साखळी तपासून घ्या, जाणत्याला शेजारी उभं करा. तीनशे वर्षांचं कासं माणसाच्या मनगटाने फुटत नाही. आधी घंटेवरची अक्षरं आणि साल पोरांकडून वाचून घ्या, म्हणजे ती कुणी ओतली, कुठून आली, कुणाच्या देवाची होती आणि आज कुणाच्या दारात आहे हे त्यांना फळ्यावर न लिहिता कळेल.

यंत्रांशी माझं वैर नाही. उसाच्या फडात कोयत्याच्या जागी तोडणी यंत्र यावं, कोयता खाली ठेवणाऱ्याला दुसरं बरं काम मिळावं, याची मी वाट बघतोय. गटार उपसायला यंत्र हवं, ओझी उचलायला यंत्र हवं. आमच्या जिल्ह्यात पाठ मोडणाऱ्या कामांना अजून माणसंच लावली जातात आणि ज्या कामाने फक्त आनंद व्हायचा तिथे मोटर बसली. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा करायला इंजिनिअरची गरज नाही. देवळाच्या कोपऱ्यात वाकून प्लग काढता आला की पुरे.